आधी डोह मोजा, मग पोकलेन लावा

मार्च-एप्रिलमध्ये ओढ्याच्या खोलीकरणाचं अंदाजपत्रक तयार होतं, तेव्हा त्यात लांबी, रुंदी, खोली, खोदाईचे घनमीटर आणि साठणारं पाणी टीसीएममध्ये (हजार घनमीटरमध्ये), एवढंच असतं. ओढ्यात एखादा डोह अजून शिल्लक असेल तर तो कुठल्याच रकान्यात बसत नाही. 15 मीटर लांब, 5 मीटर रुंद आणि सरासरी एक मीटर खोल डोह म्हणजे 75 घनमीटर पाणी. टीसीएममध्ये 0.075. दहा हजार लिटरचे साडेसात टँकर. शेजारी 30 बाय 30 बाय 3 मीटरचं शेततळं काढलं तर त्यात जवळजवळ 2.2 टीसीएम मावतं, म्हणजे असे एकोणतीस डोह. हिशोब इतका एकतर्फी आहे की डोह फुटला, बुजला किंवा सरळ चरात मिसळून गेला तरी कुणाला काही हरवल्यासारखं वाटत नाही. आमचा आक्षेप या हिशोबाच्या एककावर आहे. एप्रिलमधल्या डोहाची किंमत साठ्यात करायची नसते, बियाण्यात करायची असते. पुढच्या जूनला ओढा वाहू लागल्यावर त्यात जे जिवंत दिसतं, त्याचं बरंचसं बियाणं या साडेसात टँकर पाण्यात आणि त्याखालच्या ओल्या वाळूत राखलेलं असतं.

मराठवाड्यातल्या डोंगरी ओढ्यांचं आटणं ही आजची आपत्ती नाही. बहुतेक भागात वर्षाला साडेसहाशे ते आठशे मिलिमीटर पाऊस, तोही मोजक्या दिवसांत. आणि खाली दख्खनचा बेसॉल्ट. काळा पाषाण पाणी धरत नाही. धरतो तो त्यावरचा मुरूम, मांजऱ्या खडकातल्या पोकळ्या आणि भेगा. पाऊस थांबल्यावर ओढा वाहतो तो या उथळ साठ्याच्या झिरप्यावर, आणि साठा उतरला की ओढा थांबतो. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याच्या डोंगरांतून मांजरा पूर्वेकडे निघते, सिंदफणा गोदावरीकडे जाते, विंचरणा सीनेकडे उतरते. तिन्हींच्या उगमाकडचे ओढे-वगळ साधारण दिवाळी ते संक्रांत या काळात वाहायचे थांबतात. अजिंठ्याच्या रांगेत, गौताळ्यात, वाघूरच्या वरच्या अंगाला चित्र थोड्याफार फरकाने तेच. किनवटकडे पाऊस जास्त, म्हणून तारीख पुढे सरकते. सौताड्याच्या धबधब्याला ऑगस्टमध्ये गाडी लावायला जागा मिळत नाही आणि मार्चमध्ये तिथे कुणी फिरकत नाही. ओढ्यातल्या किड्यांच्या जगण्यामरण्याचा निम्मा भाग मात्र मार्चमध्येच घडतो.

आटण्यालाही क्रम असतो. सगळ्यात आधी खळाळ जातो, म्हणजे गोट्यांवरून उथळ, वेगाने, आवाज करत वाहणारा भाग. ज्या किड्यांचं सगळं जगणंच वेगावर चालतं, त्यांचं घर पहिल्यांदा मोडतं. मग ओढ्याची माळ तुटते आणि एकमेकांपासून वेगळे पडलेले डोह व डबकी उरतात. डबकी लवकर संपतात, डोह टिकतात. शेवटी वर सगळं कोरडं, पण वाळू उकरली की हातभर खाली ओल.

जानेवारीच्या सुरुवातीला खळाळातला नारळाएवढा एखादा दगड उचलून उलटा करावा. वरची बाजू सुकून पांढुरकी झालेली असते, शेवाळाची खपली नखाने निघते. खालची बाजू अजून काळी आणि ओली. तिथे दगडाच्या खाचेत रेशमाच्या बारीक धाग्यांचं जाळं चिकटलेलं दिसेल, आता मात्र लोंबलेलं आणि चिखलाने भरलेलं. हायड्रोसायकिड कुळातल्या कॅडिसफ्लाय या पतंगासारख्या कीटकाच्या अळीचं हे जाळं. प्रवाहाकडे तोंड करून ती ते ताणते आणि वाहत आलेले कण त्यात गाळून खाते. पाणी थांबलं की जाळं फुगत नाही, अन्न येत नाही, कल्ल्यांवरून ताजं पाणी फिरत नाही. अळीसमोर मग थोडेच मार्ग उरतात: वेळेत कोषात जाऊन पंख घेऊन उडायचं, डोहाच्या काठापर्यंत सरपटायचं, नाहीतर दगडांच्या फटीतून खाली उतरायचं. त्याच दगडावर शेजारी वाळूचे कण शिवून केलेली, तांदळाच्या दाण्याएवढी नळकांडी असतात. तीही कॅडिसचीच, पण दुसऱ्या कुळांतली. तोंड रेशमाने बंद केलेलं नळकांडं बहुधा आत कोष असल्याची खूण असते. उघडं आणि रिकामं असेल तर रहिवासी गेला, कुठे ते सांगता येत नाही.

सिम्युलियम या चावऱ्या काळ्या माशीची अळी इतकी सुदैवी नसते. रेशमाच्या गादीला मागच्या टोकाने स्वतःला अडकवून ती डोक्यावरच्या पंख्यांनी प्रवाह गाळते. प्रवाह थांबल्यावर तिला फार अवधी मिळत नाही. मेफ्लाय या अल्पायुषी कीटकाच्या बेटिड कुळातल्या जाती दुसरं टोक आहेत. गरम पाण्यात त्यांची पिढी महिनाभरात पुरी होते. प्रौढाला खायला कामाचं तोंडच नसतं, दिवस-दोन दिवसांत अंडी घालून तो संपतो. म्हणजे त्यांचा डाव घाईचा. पाणी आहे तोवर पिढ्यांवर पिढ्या काढायच्या. स्टोनफ्लायला ही घाई जमत नाही, तिला थंड आणि भरपूर प्राणवायूचं पाणी बराच काळ लागतं. म्हणूनच हिमालयात जिची रेलचेल, ती दख्खनवर मोजक्याच प्रकारांत सापडते.

डोहात शिरल्यावर संकट संपत नाही. पाणी तापतं तसा त्यात विरघळणारा प्राणवायू घटतो: 20 अंश सेल्सिअसला लिटरमागे 9.1 मिलिग्रॅम मावतो, 30 अंशांना 7.6. ही झाली कमाल मर्यादा. फेब्रुवारी-मार्चची पानगळ डोहात पडून कुजू लागली की पहाटे प्रत्यक्ष आकडा त्याच्या कितीतरी खाली असतो. त्यात गर्दी. चतुरांच्या अळ्या, पाणविंचू, पाठीवर पोहणारे नोटोनेक्टिड, पाणभुंगे असे सगळे शिकारी एवढ्याशा जागेत कोंडलेले असतात. शेणकिड्याएवढा चपटा पाणढेकूण डिप्लोनिकस इथे हमखास भेटतो. त्याची मादी शंभरएक अंडी नराच्या पाठीवर चिकटवून मोकळी होते आणि ती फुटेपर्यंत नर ती पाठ पाण्याच्या पृष्ठभागाशी आणून वारा देत राहतो. चतुरांच्या अळ्या सोडल्या तर हे शिकारी वातावरणातली हवा घेऊन जगतात. म्हणून प्राणवायू घटलेल्या डोहात ते टिकतात, कल्ल्यांवर जगणारे मात्र आधी गळतात. एप्रिलच्या डोहात भुंगे-ढेकूण जास्त आणि मेफ्लाय कमी दिसल्या तर ते लगेच प्रदूषणाचं लक्षण समजू नये. ही चूक पाहणी करणाऱ्यांकडून वारंवार होते, तिच्याकडे पुढे येतो.

उडून जाणारे वेगळे. पँटाला फ्लॅवेसेन्स हा पिवळसर चतुर, ज्याला पोरं हेलिकॉप्टर म्हणतात, पावसाच्या वाऱ्यांबरोबर येतो, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि सव्वा ते दोन महिन्यांत पुढची पिढी पंखांवर उभी करतो. मालदीवमध्ये काम करणारे जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी 2009 मध्ये मांडलं की हे चतुर ऑक्टोबरनंतर भारतातून समुद्र ओलांडून पूर्व आफ्रिकेकडे जातात. आटणारं पाणी सोडून जाण्याचा याहून लांबचा मार्ग किड्यांत क्वचितच असेल. लेस्टेस वंशाच्या टाचण्या, म्हणजे चतुरांचे नाजूक भाऊबंद, याच्या उलट: त्या कुठे जात नाहीत, प्रौढ रूपातच काठच्या झुडपांत, वाळक्या गवतात कोरडे महिने काढतात. ओढ्याचा काठ साफ करून निर्गुडी, करंज, वाळुंज उपटून टाकले की या टाचण्यांचा उन्हाळाच काढून घेतला जातो, पाण्याला हातही न लावता.

आता वाळूखालची वस्ती. तिला शास्त्रात वेगळं नाव आहे, पण मराठवाड्यातल्या कुणालाही ती जागा समजावून सांगावी लागत नाही. उन्हाळ्यात कोरड्या पात्रात दोन-तीन फूट झिरा उकरतात, गढूळ पाणी एकदा उपसून टाकतात, मग वाटी-वाटीने हंडा भरतात. हे पाणी जिथून येतं तिथेच, वाळू-गोट्यांच्या फटींत, मेफ्लायची कोवळी पिल्लं, कायरोनोमिड माशीच्या अळ्या, बारीक भुंगे आणि किडे नसलेले कितीतरी सूक्ष्म कवचधारी जीव उन्हाळा काढतात. गंमत म्हणजे युरोपातल्या जीवशास्त्रज्ञांनी नदीकाठच्या वाळूतले जीव पकडायला जी पद्धत विसाव्या शतकात रूढ केली, ती हीच: खड्डा करायचा, आत झिरपलेलं पाणी बारीक जाळीतून गाळायचं. कारामान-चॅप्युई पद्धत म्हणतात तिला. आपल्याकडे ती हंड्याने चालते, एवढाच फरक.

या फटी ज्या आकाराच्या वाळू-गोट्यांत असतात, त्यांवर सगळं अवलंबून असतं. जाड वाळू आणि बारीक गोटे यांत फटी मोकळ्या राहतात. त्यांत माती बसली की पाणी फिरत नाही, प्राणवायू पोचत नाही आणि जागा असूनही वस्ती उठते. दीड-दोन फूट कोरड्या जाड वाळूखाली बाष्पीभवन फार कमी होतं. उघड्या पाण्यावरून मात्र आपल्या उन्हाळ्यात रोज साधारण 8 ते 10 मिलिमीटर उडतं, म्हणजे एप्रिल-मे या दोन महिन्यांत अर्धा मीटर. म्हणून वाळू उपसली की फक्त वाळू जात नाही, झाकण जातं. वाळूउपशावर एवढं लिहून-बोलून झालंय की इथे जास्त लिहीत नाही. एवढंच, की महसूल बुडाला म्हणून ओरडणाऱ्यांनी झाकणाचाही हिशोब मांडावा.

नैसर्गिक आटणं या किड्यांना पाठ आहे. त्यांची वेळापत्रकं त्यावरच बेतलेली आहेत. न पेलणारं आहे ते आटण्याचं लवकर येणं आणि लपायच्या सगळ्या जागा एकाच वेळी जाणं. पहिल्याचं कारण पंपात आहे. मुरमातला आणि भेगांतला उथळ साठा विहिरी-बोअरनी ऑक्टोबरपासूनच उपसला की ओढ्याला झिरपा मिळत नाही. ओढा महिना-दीड महिना आधी तुटतो. हंगामाच्या शेवटच्या पिढीला पंख येण्याआधी पाणी गेलं की ती पिढी अंडी न घालताच संपते. महिन्याभरात पिढी काढणाऱ्या बेटिडला एक पिढी कमी पडते, पण वर्षाला एकच पिढी असणाऱ्या जातीचं वर्षच जातं. अशी दोन-तीन वर्षं लागोपाठ आली तर ती जात त्या ओढ्यातून उठते. महाराष्ट्र भूजल अधिनियम 2009 मध्ये 60 मीटरपेक्षा खोल विहिरींवर बंधन आहे. लातूर-धाराशिवच्या ऊसपट्ट्यात पाचशे-सातशे फुटांचे बोअर ज्या सहजतेने पडतात ती पाहता हे बंधन कुणाला माहीत आहे की नाही, असाच प्रश्न पडतो.

दुसऱ्याचं कारण पोकलेनमध्ये. जलयुक्त शिवार अभियान डिसेंबर 2014 मध्ये जाहीर झालं आणि नाला खोलीकरण-रुंदीकरण हा त्याचा सगळ्यात दिसणारा भाग ठरला. कॅगने (महालेखापरीक्षकांनी) सप्टेंबर 2020 मध्ये मांडलेल्या अहवालात सुमारे 9,634 कोटी रुपये खर्चूनही पाण्याची गरज भागवणं आणि भूजल वाढवणं यावर फारसा परिणाम झाला नसल्याचं म्हटलं. त्यावर राजकारण झालं ते होऊ दे. ओढ्याच्या तळाचं काय झालं हा प्रश्न त्या गदारोळात कुणी विचारलाच नाही, आणि योजनेचा दुसरा टप्पा सुरू झाल्यावरही विचारला जात नाही.

यंत्र डोंगरी ओढ्यात उतरतं तेव्हा काय होतं ते पायरीपायरीने पाहू. वरचा हात-दीड हात गोटे-वाळूचा थर, ज्यात अंडी, अळ्या आणि कोष आहेत, तो पहिल्या फेरीतच बकेटमध्ये जाऊन काठावर पडतो आणि मेच्या उन्हात दोन दिवसांत वाळतो. मग मुरूम निघतो, तोही काठावरच. ओढ्याचं नैसर्गिक नागमोडी, उंचसखल पात्र सपाट तळाच्या सरळ चरात बदलतं. खळाळ आणि डोह हा भेदच संपतो. बाजूच्या भिंती जवळजवळ उभ्या राहतात. जूनच्या पहिल्या जोरदार पावसात काठावरची सुटी माती परत चरात येते आणि तळात जी काही फट उरली असेल ती बुजवते. शिवाय तळ खाली गेल्यामुळे शेजारच्या शेतातल्या मुरमातलं पाणी चराकडे लवकर उतरतं, उघडं पडतं आणि उडतं. चरालगतच्या विहिरींना काही महिने पाणी वाढलेलं दिसतं, हे खरंच आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण ते पाणी बहुतेकदा त्याच शिवाराच्या पुढच्या महिन्यांतून उचललेलं असतं. खालच्या सपाटीवरच्या, गाळाने भरलेल्या नाल्यातून किंवा धरणातून गाळ काढणं ही वेगळी गोष्ट आहे, तिला आमचा विरोध नाही. विरोध आहे तो डोंगराच्या कुशीतल्या पहिल्या-दुसऱ्या श्रेणीच्या, म्हणजे उगमाजवळच्या लहान ओढ्यांना तीच मात्रा देण्याला. त्या ओढ्यांत गाळ नसतोच. असतात ते गोटे, आणि गोटे म्हणजे अडचण असं धरलं जातं.

यावर पहिला सवाल ठरलेला: माणसाला प्यायला पाणी नाही, एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, आणि तुम्ही किड्यांचं काय घेऊन बसलात? सवाल रास्त आहे आणि त्याला भावनेने उत्तर देऊन भागणार नाही. पहिलं उत्तर झिऱ्यातच आहे. किड्याला उन्हाळ्यात जी ओली वाळू लागते तीच वाडीवस्तीला लागते. ती गेली की दोघंही टँकरवर, फक्त किड्याला टँकर येत नाही. दुसरं उत्तर डासांचं आहे आणि ते जास्त व्यवहाराचं आहे. ओढा तुटल्यावर उरलेल्या डबक्यांत डास होतात, ग्रामीण हिवताप पसरवणारा अ‍ॅनॉफिलिस क्युलिसिफेसीस तर अशा पाण्यात आवर्जून होतो. पण जुन्या, खोल डोहात त्यांना खाणारे वर सांगितलेले सगळे शिकारी हजर असतात. नव्याने खोदलेल्या चरात पहिल्या पावसाने पाणी साचतं तेव्हा ते शिकारी नसतात. उन्हाळ्यातल्या उष्णतेत डास अंड्यापासून पंखांपर्यंत आठ-दहा दिवसांत पोचतो. चतुराच्या अळीला आठवडे लागतात. या मधल्या काळात डासाला मैदान मोकळं. मग आरोग्य विभाग गप्पी मासे सोडतो. टाक्या-हौदांत ते ठीक, डोहात सोडले तर ते डासांबरोबर मेफ्लायची पिल्लंही खातात आणि पुराबरोबर खाली पसरतात. डोह राखलेला असता तर हा फेरा बराच कमी झाला असता.

शेततळी वाढली, तिथे जातील की किडे, हा दुसरा युक्तिवाद. जातात, पण सगळे नाही. शेततळ्याच्या 500 मायक्रॉनच्या प्लास्टिक अस्तरावर ना गोटे, ना फटी, ना प्रवाह. गुळगुळीत उतारावरून कॅडिसला वर चढता येत नाही. साचलेल्या पाण्याचे कोरिक्सिड, पाणभुंगे, पँटाला यांना ते पुरतं. खळाळातल्या जातींना ते वाळवंटच. उलट चकाकत्या काळ्या पृष्ठभागावरून परावर्तित होणारा ध्रुवित प्रकाश पाणी शोधणाऱ्या मेफ्लायला चकवतो. डांबरी रस्त्यावर त्यांनी अंडी घातल्याची नोंद 1990 च्या दशकात हंगेरीतल्या संशोधकांनी केली आहे.

मग करायचं काय? पहिली गोष्ट फुकटची आहे. गावाचा पाण्याचा ताळेबंद करताना शिवारफेरी होतेच. ती पावसाळ्याआधी एकदा, एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात, ओढ्याच्या पात्रातूनच काढावी. जिथे पाणी उभं आहे तिथे लांबी, रुंदी, काठीने तीन ठिकाणी खोली आणि तारीख लिहावी. फोनवर स्थान नोंदवावं. जिथे पाणी नाही पण हातभर उकरल्यावर ओल लागते, तेही लिहावं. लागोपाठ दोन वर्षं एप्रिलअखेर टिकलेला डोह राखीव. त्याच्या वर-खाली निदान शंभर मीटर यंत्र उतरणार नाही, हे ग्रामसभेच्या ठरावात यावं. यासाठी नवा कायदा नको. जैवविविधता कायदा 2002 नुसार ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही असायला हवी. बहुतेक ठिकाणी ती एकदा भरून कपाटात आहे. त्याच कायद्याखाली सिंधुदुर्गातल्या आंबोलीजवळ हिरण्यकेशी परिसरातली जेमतेम 2.11 हेक्टर जागा एका छोट्या माशासाठी 2021 मध्ये वारसास्थळ झाली. दोन हेक्टरांत होतं, तर पाटोद्याच्या डोंगरातला एक डोह निदान ठरावात तरी यायला हरकत नसावी.

जिथे खोदाई टाळता येत नाही तिथे सलग नको. दीडशे-दोनशे मीटर खोदलं की तेवढाच तुकडा सोडावा. सोडलेल्या तुकड्यातूनच खोदलेल्या भागात पुन्हा वस्ती येते, वाहत आणि उडत. वरचा गोटे-वाळूचा थर वेगळा काढून सावलीत ढीग करावा आणि काम संपल्यावर तळात परत पसरावा. कंत्राटदार म्हणेल, याचा दर नाही. बरोबर आहे, दरसूचीत तो घालावा लागेल. काढलेली माती काठापासून लांब न्यायची तरतूद कागदावर असते. प्रत्यक्षात डिझेल वाचवायला ती काठावरच राहते, तेव्हा बिल काढण्याआधी हे पाहावं.

कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यात पाऊस सरताच बर्गे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, टाकले जातात आणि खालचा ओढा एका दिवसात तुटतो. नैसर्गिकरीत्या तो दोन-तीन आठवड्यांत हळूहळू तुटला असता, तेवढ्यात अळ्यांना खाली किंवा खोल सरकायला वेळ मिळाला असता. सगळे बर्गे एकाच दिवशी न टाकता दहा-बारा दिवसांत टप्प्याटप्प्याने टाकावेत, आणि तळाशी हातभर फट डिसेंबरअखेरपर्यंत मोकळी ठेवावी. सिमेंट नाला बांधात बांधतानाच तळाला चार इंची पाइप ठेवला तर खर्च नगण्य. यात अडचण एकच येते: तो पाइप गाळाने बुजतो. तोंडाशी गोट्यांचा ढीग ठेवला तर वर्ष-दोन वर्षं चालतो.

डोहावर थेट मोटार ठेवू नये हे सांगायला सोपं, ऐकायला अवघड. निदान तळची फूटभर पातळी सोडायची आणि फूटव्हॉल्व्ह त्या उंचीवर बांधायचा एवढं तरी ठरावं. जनावरांसाठी बाजूला हौद केला तर डोहात शेण आणि खुरांचा चिखल कमी जातो. पात्रातला पालापाचोळा पेटवू नये. त्याखाली ओल टिकते आणि त्या ओलीत बरंच काही टिकतं.

आता पाहणीबद्दल, कारण चुकीच्या पाहणीने चांगला ओढा नापास होतो. पाण्यातल्या किड्यांवरून पाण्याला गुण देण्याची बीएमडब्ल्यूपी पद्धत ब्रिटनच्या बारमाही नद्यांसाठी 1980 च्या सुमारास बसवली गेली. तीत हेप्टाजेनिड मेफ्लायला 10 गुण, हायड्रोसायकिड कॅडिसला 5, कायरोनोमिडला 2. एप्रिलच्या डोहाला या मापाने मोजलं तर तो नापास होणारच, कारण दहा गुणवाल्या जाती तेव्हा अंड्यांत, वाळूत किंवा हवेत असतात. मराठवाड्यातल्या ओढ्याची पाहणी प्रवाह सुरू होऊन सहा-आठ आठवडे झाल्यावर एकदा आणि खळाळ तुटण्याआधी, नोव्हेंबरच्या आसपास, एकदा व्हावी. अर्ध्या मिलिमीटरची जाळी प्रवाहात धरून तिच्या वरच्या बाजूचा तळ तीन मिनिटं पायाने ढवळायचा, खळाळ आणि डोह वेगवेगळे, आणि पांढऱ्या ट्रेमध्ये निवडायचं. नमुना 70 ते 80 टक्के अल्कोहोलमध्ये. दुसऱ्या दिवशी अल्कोहोल बदलायलाच हवं, नाहीतर किड्यांच्या अंगातल्या पाण्याने ते पातळ होऊन नमुना सडतो. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी. पेनाची शाई त्यात विरघळते, आणि मग जाधवांच्या ओढ्याचा नमुना कुठला आणि खालच्या बंधाऱ्याचा कुठला, हे कुणालाच सांगता येत नाही.

आणि पोकलेन लागण्याआधी, ओढा पूर्ण कोरडा असताना करायची एक चाचणी आहे, ती कुठल्याही शाळेला जमेल. तळातला वरचा दहा सेंटिमीटर थर, साधारण पाच किलो, पसरट टबात घ्यावा. नळाचं पाणी दिवसभर उघडं ठेवून क्लोरिन उडवावं आणि थरावर पाच सेंटिमीटर उभं राहील इतकं ओतावं. टब सावलीत ठेवून मत्स्यालयाच्या छोट्या पंपाने हवा सोडावी. वर मलमल घट्ट बांधायला विसरू नये. न बांधल्यास डास येऊन अंडी घालतात आणि आठव्या दिवशी त्यांच्याच अळ्यांना कोरड्या वाळूतले वाचलेले जीव समजून टाळ्या वाजतात. पहिल्या दोन-तीन दिवसांत कायरोनोमिडच्या अळ्या वळवळताना आणि मोहरीहून बारीक कवचधारी पळताना दिसतात. मेफ्लायची अंडी असली तर पिल्लं दिसायला आठवडे लागू शकतात, म्हणून टब निदान महिनाभर ठेवावा. काय निघालं, कितव्या दिवशी निघालं, ते लिहून तो कागद अंदाजपत्रकाला जोडावा. "कोरडा नाला, खोली तीन मीटर" या ओळीवर तांत्रिक मान्यतेची सही करणाऱ्याने टब एकदा पाहून मगच पेन उघडावं.